एका ‘व’चा फरक

१

दुपारी बाराला मुकादम रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारायचा आणि माझी खरी धावपळ सुरू व्हायची. येरमाळ्याच्या पलीकडं माळावर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. त्र्याहत्तरचा मार्च. बाया खडी फोडायच्या, माती वाहायच्या, आणि त्यांची अंगावरची पोरं तीन लिंबांच्या सावलीत माझ्या ताब्यात. फांद्यांना जुन्या लुगड्यांच्या सतरा झोळ्या. अठरावी माझ्या विशाखाची, आठ महिन्यांची. ठोका पडला की चालत्या पोरांना सुकडी वाटायची, आयांना पाजायला बोलवायचं, झोळ्या मोजायच्या, आणि पुन्हा झोळ्या मोजायच्या. दोनदा मोजायची मला खोड आहे. आमचे हे म्हणतात, "अगं, झोळीला पाय नसतात." नसतील. तरी मोजायच्या.

मी मॅट्रिक, म्हणून पाळणाघर मला मिळालं. हे, म्हणजे बलभीम, गावातल्या दूध संस्थेत फॅट काढायला होते. पण दूधच नाही तर फॅट कशाची काढणार? दिवसभर काचेच्या नळ्या पुसून ठेवायचे आणि संध्याकाळी मलाच विचारायचे, "आज काय काय मोजलंस?"

आणखी एक आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोक मला काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. छप्पन्न साली माझ्या वडिलांनी देव्हारा नदीत सोडला. आमच्या घरात कुणाच्या अंगात येत नाही, उतारा टाकत नाहीत, लेकराला तीटसुद्धा लावत नाहीत. मी जे सांगणार आहे ते मलाच मान्य नाही. पण ते झालं, आणि झाल्याचा मला भयंकर राग आहे.

२

धुळाप्पा आणि हरणाबाई हे म्हातारं जोडपं मुकादमानंच माझ्याकडं लोटलं. खडीवर त्यांचे हात चालेनात. "बाई, यांना पाणी पाजायला ठिवा," म्हणाला. दोघं जन्मभर किंगरी वाजवत गावोगाव फिरलेली. किंगरी म्हणजे एक बांबूची काठी, बुडाला नारळाची करवंटी, करवंटीवर घोरपडीचं कातडं, एकच तार, आणि तारेवर फिरवायला घोड्याच्या केसांचा गज. बस, एवढंच. त्या एवढ्याशा सामानातून म्हातारा काय वाटेल ते बोलवायचा.

झोळीत लेकरू रडायला लागलं की धुळाप्पा झोळीशी उकिडवा बसायचा, गज तारेवर टेकवायचा, आणि किंगरी रडायची. पोरासारखी नव्हे; त्याच पोरासारखी. सरुबाईचं पोरगं श्वास अडकवून रडायचं, तर किंगरीही मधेच तशीच अडकायची. लेकरू ऐकायचं, चक्रावायचं, गप व्हायचं. मग सरुबाई खडीच्या ढिगावरून ओरडायची, "ओ बाबा, आमच्या मालकाचं घोरनं वाजवा की एकदा! गावाला कळू द्या माजं हाल!" सगळा माळ हसायचा.

हरणाबाईजवळही किंगरी होती. ती मात्र कधी पिशवीबाहेर काढायची नाही. पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलेलं, आणि ती बसली की पिशवी मांडीवर.

मी माहेरी पेटी शिकले होते. लग्नात पेटी तिकडंच राहिली आणि बोटं इकडं आली. त्यात डोक्यात शाळेचं वारं: ही म्हातारी माणसं गेली की हे सगळं जाईल, कुणीतरी लिहून ठेवायला हवं. कुणीतरी म्हणजे कोण? अर्थात मीच. अख्ख्या माळावर वही माझ्याकडंच होती ना!

३

एका दुपारी वही-पेन घेऊन मी म्हाताऱ्यापुढं बसले.

"बाबा, तुम्ही वाजवता ते सगळं मला शिकायचंय. नीट उतरून घ्यायचंय."

धुळाप्पाचा हात थांबला. "उतरवून घ्यायचंय?"

"हो."

त्यानं मधे एक ‘व’ जास्तीचा घातला, तो मला ऐकू आला होता. शुद्धलेखनात मला कायम पैकीच्या पैकी. पण थोरल्या माणसाचं बोलणं दुरुस्त करू नये, एवढी रीत मला कळत होती. फुकटचा मोठेपणा.

"शिकायचं म्हंजी एकाचं उतरवावंच लागतंय," तो म्हणाला. "त्याबिगर किंगरी हाताला येत न्हाय. कुनाचं घ्यायचं?"

"माझ्या विशूचंच घ्या की. तीच सारखी भोकाड पसरते."

हरणाबाई रांजणाशी बसली होती. तिनं तिथूनच विचारलं, "बाई, मागनं माघारी मिळत न्हाय बरं का."

"माघारी कशाला मागेन, मावशी? वही माझी, पेन माझं."

"आन् तिच्या बापाला इचारलं का?"

याचा मला रागच आला. "माझ्या शिकण्याला त्यांची कधीच आडकाठी नसते," मी ठसक्यात सांगितलं.

दोघं एकमेकांकडं बघत राहिली. मला वाटलं, शिकलेली सून बघून चाट पडली.

चार दिवसांनी धुळाप्पानं माझ्यासाठी नवी किंगरी आणली. कोरी करवंटी, कातड्याला अजून वास. विशाखा भुकेनं रडायला लागली तेव्हा म्हणाला, "जरा दम धरा, पाजू नगा." त्यानं करवंटी तिच्या छातीजवळ धरली आणि गज ओढला. मी भराभर लिहीत होते: आधी दोन आवाज, एक पोरीचा, एक तारेचा. मग दोन्ही जवळ जवळ येत गेले. मग एकच. मी मान वर केली. विशाखाचं तोंड उघडं होतं, जीभ थरथरत होती, आणि आवाज फक्त करवंटीतून येत होता.

म्हाताऱ्यानं गज उचलला. त्यानंतरही आवाज थोडा चालला. एक, दोन, तीन म्हणण्याइतका. मग त्यानं कमरेची डबी काढून करवंटीच्या भोकाला बोटभर मेण लावलं.

मी वहीत लिहिलं: ‘शेवटी मेण लावतात.’ निरीक्षण म्हणून.

४

त्यानंतर विशाखा रडली नाही.

पहिले दोन दिवस सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. "काय गुणाचं लेकरू!" "असं पोर नशिबानं मिळतंय, बाई." मीही खूश. आणखी लाजेची गोष्ट सांगू? तिसऱ्या दिवशी मी माझी किंगरी घेऊन बसले, तोवर माझ्या हातून नुसती करकर निघायची, आणि एकाएकी गज सुरळीत फिरला आणि विशाखाचं रडणं निघालं. हुबेहूब. मला जमलं! मी हसून झोळीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती. मी गज ओढला की तिचं तोंड उघडायचं, थांबवला की मिटायचं. मला तेव्हा वाटलं, किती लवकर नक्कल करायला लागली.

मंगळवारी कामाला सुट्टी असायची. दुपारची वेळ. विशाखा आतल्या खोलीत गोधडीवर, किंगरी बाहेर खुंटीला, आणि मी चुलीपुढं भाकरी थापत होते. किंगरी कण्हली.

मी मागं बघितलं. खोलीत कुणी नाही. दाराबाहेर वाऱ्याचा मागमूस नाही. लिंबाचं पान हलत नव्हतं. मी मॅट्रिक आहे. मी म्हटलं, ऊन आहे, कातडं ताणलं गेलं, तार ओढली गेली. पदार्थविज्ञान. भाकरी तव्यावर टाकली. तेव्हा ती रडायला लागली. खुंटीवर, बिनगजाची. गज खाली कोनाड्यात पडलेला मला दिसत होता. आधी हळू, मग जिवाच्या आकांतानं, आणि मी जन्म दिलेल्या पोरीचं रडणं मला कळायला नको?

आत गेले. गोधडीवर तांबड्या मुंग्यांची धार लागली होती. हातावर, मानेवर, एका कानात. कानाची पाळी सुजून बोराएवढी झालेली. विशाखा टक्क डोळ्यांनी माझ्याकडं बघत होती. तोंड इतकं उघडं की टाळू दिसावी. आणि आवाज नाही. डोळ्यांत टिपूस नाही. मी मुंग्या झाडल्या, कानात कोमट तेल सोडलं, तिला छातीशी धरून हलवलं, तसतशी बाहेरची किंगरी मुसमुसत कमी होत गेली आणि थांबली.

तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती. हे घरी आले तेव्हा त्यांना आधी तो वास आला.

५

तालुक्याच्या डॉक्टरांनी तिच्या घशात बॅटरी मारली, तळपायाला चिमटा काढला. तिनं पाय आखडला, तोंड उघडलं. "बाई, घसा ठणठणीत आहे. पोरगी रडत नाही ही तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच."

येताना एसटीत हे म्हणाले, "तुला ती रडली तरी काळजी, न रडली तरी काळजी. आता काय करावं तिनं?"

"रडावं!" मी इतक्या जोरात ओरडले की कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली.

हसा खुशाल. पण सांगा, न रडणारं लेकरू जगवायचं कसं? भूक लागली, काटा टोचला, ताप चढला, कोण सांगणार? सांगत होती ती किंगरी. म्हणून मी एका काखेत पोर आणि एका काखेत किंगरी घेऊन हिंडायला लागले. पाण्याला, कामावर, परसाकडं. बाया तोंडाला पदर लावायच्या. "मास्तरीणबाईला लईच नाद लागलाय वाजपाचा." लागला होता तर! एकदा किंगरी घरी राहिली तर मी अर्ध्या वाटेवरून पळत माघारी गेले, आणि तेवढ्या वेळात पोरीला काय होतंय हे बघायला तिच्या तोंडाकडं बघत पळत होते, तर दगडाला ठेचकाळले.

मग मुकादमानं सांगितलं, तलावाचं काम शनिवारी बंद. माणसं दुसऱ्या कामावर पांगणार. धुळाप्पानं बोचकं बांधायला घेतलं.

६

शुक्रवारी, जेवणाची सुट्टी संपल्यावर, मी किंगरी त्याच्यापुढं आपटायच्या बेतानं ठेवली. आपटली नाही, हात धजला नाही.

"माझ्या पोरीचं रडणं परत द्या."

"बाई, ते माघारी..."

"मला सांगितलं का नाही? मी वहीत उतरून घेणार होते, वहीत! तुम्ही विचारायला नको?"

"तीन येळा इचारलं," धुळाप्पा म्हणाला. शांतपणे म्हणाला, आणि खरंच होतं ते, आणि याचाच मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो. खोटं तरी बोलायचं!

हरणाबाईनं मांडीवरच्या पिशवीची सुतळी सोडली. तिची किंगरी काळी पडलेली, कातडं तेलकट. तिनं गज एकदाच ओढला. एक तान्हं पोर रडलं. दमलेलं, आजारी, रडायचीही ताकद नसलेलं.

"ह्यो गोरोबा," ती म्हणाली. "माजा. तापानं फणफणला हुता, रडून रडून दमत हुता. म्हनलं, रडणं तेवडं उतरवलं तर इसावा मिळंल लेकराला. मिळाला. तिसऱ्या दिशी गप पडूनच गेला, मला कळ्ळंबी न्हाय. तीस वर्सं झाली. लेकरू न्हाय, ह्ये हाय."

"आणि बाबांच्यात?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"त्यांच्यात त्यांचं सोताचं. त्यांच्या बानं उतरवलेलं. म्हनून तर," तिनं नवऱ्याकडं बघितलंही नाही, "गोरोबा गेला तवा मी एकटीच रडलेय."

लिंबाखाली सतरा झोळ्या हलत होत्या. माझ्या कडेवर विशाखा. मी म्हटलं, "काहीतरी असेलच. कुणी कधी परत घेतलंच नसेल का?"

हरणाबाईनं सुतळी बोटाला गुंडाळली. "आमची सासू म्हनायची, आईनं आपलं आत घालायचं, म्हंजी लेकराचं बाहीर येतंय. म्या करून न्हाय बघितलं. मला ते सांगितलं तवर लेकरूच न्हवतं."

"न्हाय करायचं," धुळाप्पा एकदम म्हणाला. "म्या कुनाचं हुताना बघितलं न्हाय."

"बघा मग," मी म्हटलं. "माझं बघा." मी एकवीस वर्षांची, नदीत देव्हारा सोडणाऱ्याची लेक, तिथं बसून म्हणत होते, करा. माझ्या जागी कुणीही बसली असती तर मी तिला शाळेत पाठवलं असतं.

७

त्यानं नखानं मेण काढलं आणि करवंटी माझ्या छातीजवळ धरली. "रडा," म्हणाला.

आता हुकमी रडायचं कसं? मला नुसता राग येत होता. म्हाताऱ्याचा, डॉक्टरचा, आमच्या ह्यांच्या विनोदांचा, स्वतःच्या वहीचा. रागानं डोळे कोरडेच राहतात. हरणाबाईनं विशाखाला माझ्यासमोर धरलं. तिचा कान अजून सुजलेला होता, त्यावर मुंग्यांच्या चाव्यांचे बारीक ठिपके. तिला भूक लागली होती. तिनं माझ्याकडं हात केले आणि तोंड उघडलं, आणि मला रडू फुटलं.

गज माझ्या मागोमाग चालत आला. माझा आवाज आणि तारेचा आवाज. जवळ. आणखी जवळ. मग माझ्या गळ्यातून एकाएकी काही येईना. जीभ हलत होती, छाती हलत होती, गालावरचं पाणी सुकत चाललं होतं. दुखलं नाही. एखादी खोली झाडून रिकामी करावी तसं झालं.

धुळाप्पानं घाईघाईनं मेण दाबलं. पण त्याआधी, हरणाबाईच्या हातात, विशाखा रडली.

मोठ्यांदा रडली! सरुबाईनं हातोडा टाकला आणि धावत आली, तिच्यामागं पाच-सहा बाया. "रडली गं बया रडली!" कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी बोटं मोडली. मी हात पुढं केले. आणि मग ऐकलं.

मी रडते तेव्हा आधी तीन बारीक हुंदके येतात, मग लांब हेल, आणि शेवटी नाकात शिट्टी वाजते. लग्नात पाठवणीच्या वेळी त्या शिट्टीला माझ्या नणदा हसल्या होत्या. तीन बारीक हुंदके. लांब हेल. शिट्टी. आठ महिन्यांच्या लेकराला हुंदका आवरता येत नाही. ही आवरत होती. मधे थांबत होती, ओठ मिटत होती, चारचौघांत रडू नये म्हणून मोठी बाई मिटते तसे, आणि पुन्हा फुटत होती. तिला दूध नको होतं. तिला जे कळलं होतं ते आठ महिन्यांच्या कुणालाच कळू नये.

मी किंगरी ओढून घेतली आणि गज फिरवला. आत विशाखा होती. तीच, भुकेजलेली, भोकाड पसरणारी, आहे तिथंच, तळाशी. रोज टँकरपुढं घागर घेऊन उभी राहणारी बाई मी. भरल्या भांड्यात वरून ओतलं तर वरचंच सांडतं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं?

हरणाबाईनं पदर तोंडात कोंबला. धुळाप्पा पाठमोरा झाला, बोचकं बांधत राहिला. गाठ त्याला बसत नव्हती.

सरुबाईनं विशाखाला हरणाबाईकडून घेतलं, खांद्यावर थोपटलं, पदरानं तिचे डोळे पुसले. तीन बारीक हुंदके, हेल, शिट्टी. सरुबाई कौतुकानं माझ्याकडं वळली.

"काय बी म्हना बाई," ती म्हणाली, "तोंड बापाचं हाय, पर रडणं अगदी आईवर गेलंय पोरीचं!"